स्तन वाचवला तर जीव धोक्यात? नाही!

"गाठ कॅन्सरची निघाली ना, मग पूर्ण स्तनच काढून टाका, उगाच जोखीम नको." घरचे हे काळजीपोटी सांगतात, पण ही समजूत चुकीची आहे. इटलीत मिलानमध्ये कॅन्सर सर्जन उंबेर्तो वेरोनेसी यांनी 1973 पासून 701 स्त्रियांवर नेमकं हेच तपासलं. गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या. काहींचा स्तन छातीच्या स्नायूंसह काढला, बाकीच्यांचा फक्त गाठ असलेला भाग काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांचे निकाल 2002 मध्ये आले: दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच. स्तन राखलेल्यांमध्ये त्याच स्तनात गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण मात्र थोडं जास्त होतं, हेही सांगायलाच हवं. म्हणून रेडिएशन सहसा टाळता येत नाही.

आणि दिसण्याची काळजीही क्षुल्लक नाही. आता छेद शक्य तिथे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनं घेतात, म्हणजे व्रण लपतो. उरलेली पोकळी शेजारच्याच मांसल भागानं भरतात, त्यामुळे सहसा खळगा पडत नाही. गाठ मोठी असेल, तर आधी केमो देऊन ती लहान करता येईल का, हे ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच डॉक्टरांना विचारा.