पार्श्वभूमी: बेळगावला पाणी चढवून का आणावं लागतं

बेळगावात नळाला पाणी आलं नाही की पहिलं कारण ऐकू येतं ते विजेचं. कुंदरगीच्या किंवा तुम्मरगुद्दीच्या उपसा केंद्रात पंप बंद पडला की शहरातले नळ कोरडे. वर्षाला पन्नास इंचांच्या आसपास पाऊस घेणाऱ्या गावाचं पाणी विजेच्या तारेला का टांगलेलं, हे कळायला अखंड पाणी देणाऱ्या चोवीस तास योजनेच्या बरंच मागे जावं लागतं.

इंग्रजी अमदानीत बेळगाव हे एक गाव नव्हतंच. १८१८ मध्ये किल्ला पडला, मग पश्चिमेच्या बाजूला छावणी वसली. १८५१ मध्ये शहराला नगरपालिका मिळाली. आणि शहराला खेटून असलेलं शहापूर थेट १९४८ पर्यंत सांगली संस्थानात राहिलं. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. अशा ठिकाणी सगळ्यांसाठी मिळून पाण्याचं काम काढणार कोण आणि पट्टी भरणार कोण? छावणीचं त्यातल्या त्यात सोपं होतं. लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८६३ मध्ये हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्यात दर हजारी ६९ मृत्यू होतात हे उघड केलं, तेव्हापासून छावण्यांतल्या विहिरी, गटारं, कत्तलखाने यांच्यावर करडी नजर आली. पुढच्याच वर्षी छावण्यांसाठी कायदाही झाला. गावाच्या वाट्याला ही शिस्त यायची ती पटकीची साथ आली की तेवढ्यापुरती. विहिरीत परमँगनेट टाकलं जायचं, पोहऱ्यातून गुलाबी पाणी वर यायचं, एक-दोन दिवसांत रंग उतरायचा आणि देखरेखही.

तरीही विहिरींवर गावाचं निभत होतं. १९०१ च्या शिरगणतीत छावणी धरून वस्ती होती ३६,८७८. इथल्या जांभ्या दगडात पाणी झटकन मुरतं, पण तितक्याच झटकन निथळूनही जातं. श्रावणात हाताला लागणारं पाणी एप्रिलमध्ये दोर पुरवणार नाही इतकं खाली. हा दोष सगळ्यांना ठाऊक होता, तरी मोठी गरज पडली तेव्हाही उत्तर विहिरीचंच निघालं. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनासाठी टिळकवाडीकडे अख्खं तात्पुरतं नगर उभं राहिलं, त्याच्यासाठी विहीर खोदली गेली. खर्च ४,३७० रुपये ३ आणे. नगराचं नाव विजयनगर म्हणून विहिरीला हंपीजवळच्या पंपा सरोवराचं नाव. लोकांच्या तोंडी मात्र ती काँग्रेस विहीरच. मंडप उठला, पुढारी गेले, विहीर गावाला राहिली. वसाहतकाळात बेळगावात झालेल्या पाण्याच्या कामांपैकी लोकांना आज नावानिशी आठवतं ते हेच, आणि ते सरकारने केलेलं नव्हतं.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा त्यातून काढून कोल्हापूरला जोडला. आपण या रेषेकडे भाषेच्या अंगाने बघतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती रेषा पाणलोटावरूनही गेली, हे सहसा कुणी बोलत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्कंडेय नदी अडवून राकसकोप जलाशय झाला. राकसकोप गाव बेळगाव तालुक्यातलं, पण जलाशय चंदगडातल्या तुडयेच्या शिवाराला भिडलेला. तिथलं पाणी हिंडलग्याच्या उपसा केंद्रातून लक्ष्मीटेकच्या शुद्धीकरण केंद्रात जातं आणि मग शहरात.

खरा वादाचा मुद्दा पुढचा. १९७६ मध्ये महापालिका झाली, शहापूर, वडगाव, अनगोळ शहरात मिसळून गेले, उद्यमबागेत कारखाने आले. राकसकोप अपुरा पडणार हे दिसत होतं. तेव्हा नजर गेली हिडकलकडे. घटप्रभेवरचं हे धरण मुळात शेतीसाठी, साठा ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट. एवढा साठा जिल्ह्यातच असताना दुसरीकडे कशाला बघायचं, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो.

पण पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज छापून येणारे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. राकसकोप भरतो तो २,४७५ फुटांवर, हिडकल २,१७५ फुटांवर. शहर जवळजवळ राकसकोपच्याच पातळीला आहे. म्हणजे हिडकल तुडुंब भरला तरी त्याचं पाणी तीनशे फूट चढवूनच आणायचं, आणि धरण जितकं रिकामं तितकी चढण जास्त. पाणी मैलोन्मैल लांब जलवाहिनीतून टप्प्याटप्प्याने उपसून बसवणकोळच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत येतं. पाण्याचा साठा मोठा म्हणून तो निवडला गेला. वीजबिल मात्र कायमचं गळ्यात पडलं.

दुसरी बाजूही आहे. राकसकोप एका पावसाळ्याच्या भरवशावरचा लहान जलाशय. जून कोरडा गेला की तळ दिसायला लागतो. निव्वळ त्याच्यावर पाच लाखांचं शहर चालवणं शक्य नव्हतं, हे मान्यच करायला हवं. मग वरच्या अंगाला, पश्चिमेला, जिथे पाऊस दुप्पट-तिप्पट पडतो तिथे आणखी साठे का झाले नाहीत? माझ्या मते त्याचं उत्तर अभियांत्रिकीत कमी आणि १९५६ च्या रेषेत जास्त आहे. सीमेचं भांडण धुमसत असताना पलीकडच्या राज्याच्या शिवारात पाणी फुगवायचा प्रस्ताव मांडायला कोण धजावेल?

हिडकलचं पाणी आलं आणि विहिरींकडे पाठ फिरली. कुठे कचरा पडला, कुठे गणपती विसर्जन झालं की वर्षभर गाळ तसाच. १९९० च्या दशकातल्या टंचाईत मात्र त्यांचीच आठवण झाली. काँग्रेस विहिरीसह जुन्या विहिरी उपसल्या, गाळ काढला, मोटारी बसवून पाणी घरांना जोडलं. ते काम फारसा गाजावाजा न होता झालं आणि स्वस्तात झालं.

मग २००८ पासून शहराच्या साधारण दहाव्या हिश्श्यात चोवीस तास पाणी सुरू झालं: जागतिक बँकेचं कर्ज, खासगी चालक, घरोघरी मीटर. त्या प्रभागांत टाक्या आणि पिंपं निकामी झाली. बाकीच्यांना पाणी सोडणारा वॉल्व्हमन कधी येतो याची वाट बघणं सुटलं नाही. पाणीपट्टी सगळे भरत असताना दहापैकी एकालाच अखंड पाणी, यावरून सभागृहात आणि गल्लीत वर्षानुवर्षं खडाजंगी झाली. आता तीच व्यवस्था शहरभर न्यायची म्हणून गल्लीबोळ उकरले गेले आहेत. जलवाहिन्या नव्या, मीटर नवे. पाणी मात्र राकसकोपचं आणि हिडकलचंच, आणि चोवीस तास दाब टिकवायचा तर तीनशे फुटांची ती चढणही चोवीस तास चालू ठेवावी लागणार.