चांदी आटली, काच उरली

जर्मनीतल्या कोबुर्ग किल्ल्याच्या संग्रहालयात जाड काचेचा, कोरीव नक्षीचा एक पेला आहे. संत एलिझाबेथचा पेला म्हणून तो एकेकाळी विटेनबर्गच्या चर्चमध्ये भाविकांना दाखवत. चित्रकार लुकास क्रानाखने १५०९ साली त्या चर्चमधल्या पवित्र अवशेषांच्या ठेव्याची सचित्र पुस्तिका केली, तिच्यातही तो आहे. त्याच पुस्तिकेत संतांची हाडं, दात, वस्त्रांचे तुकडे ठेवायला घडवलेली चांदीची पात्रं पानोपानी दिसतात. त्यांतलं आज जवळजवळ काहीच उरलेलं नाही. हातातून निसटला तर फुटेल असा पेला पाचशे वर्षं टिकला आणि चांदी गेली!

हा ठेवा जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांताचा शासक फ्रेडरिक याने जमवला होता. १५०९ मध्ये पाच हजारांवर असलेले अवशेष १५२० पर्यंत एकोणीस हजारांच्या घरात गेले. त्यांच्या दर्शनाने पापाच्या शिक्षेत सूट मिळते अशी श्रद्धा होती. अशा सवलतींवर धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये बोट ठेवलं, तेही याच विटेनबर्ग गावातून. (बौद्ध परंपरेत अस्थिअवशेषांनाच ‘धातू’ म्हणतात. म्हणजे इथे धातूच्या पोटात धातू.)

पण चांदीच का? कारण ती ऐकते. तिच्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, त्यामुळे सपाट पत्र्यातून संताचा चेहरा, दाढीची वळणं, बोटांची पेरंसुद्धा उठवता येतात. कारागीर पत्रा राळेच्या गादीवर ठेवून मागून ठोके देतो, मग उलटवून पुढून छिन्नीने रेघा काढतो. ठोकता ठोकता मात्र चांदी ताठर होते, कारण सरकणारे थर एकमेकांत अडकतात. मग ती मंद लाल होईपर्यंत तापवायची. अणू पुन्हा नीट बसतात, पत्रा मऊ पडतो आणि हातोडी पुन्हा चालू. निव्वळ चांदी वापरात दबते, म्हणून तिच्यात थोडं तांबं घालत.

वर सोन्याचा मुलामा देण्याची रीत जीवघेणी होती. सोनं पाऱ्यात कालवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो चांदीवर चोपडायचा आणि तापवायचं. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळून उडून जातो, सोनं मागे चिकटून राहतं. उडालेला पारा जाई कारागिराच्या छातीत. गंमत अशी की पाऱ्याचा अंश सोन्यात उरतोच. आज पात्राला ओरखडाही न काढता त्यावर क्ष-किरण टाकले की तो दिसतो, आणि मुलामा कसा दिला ते कळतं.

जी चांदी इतकी ऐकते, ती आटायलाही तयार असते. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं मिसळलेली त्याच्याही आधी. कोळसा आणि भाता असला की झालं. वितळली तरी तिचं मोल वजनाइतकं शाबूत, घडणावळ तेवढी बुडते. म्हणूनच ल्यूथरपासून धर्मसुधारणेचं वारं सुटल्यावर, युद्धांत, कर्जापायी ही पात्रं मुशीत गेली. जर्मनीतल्याच हाल्ले शहरात कार्डिनल, म्हणजे चर्चचा बडा अधिकारी असलेल्या आल्ब्रेख्टने असाच मोठा ठेवा जमवला होता. संत मॉरिसची चांदीच्या चिलखतातली पुरुषभर उंचीची मूर्ती त्यात होती. आता तिचं रंगीत चित्र एका हस्तलिखितात उरलं आहे. फुटक्या काचेला मात्र कोण पैसे देणार?

जी चांदी वाचली तिचा शत्रू हवेतच आहे. हायड्रोजन सल्फाइड वायूशी संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. घासून तो काढला की थोडी चांदीही जाते, आणि आधी झिजतात त्या उठावाच्या कडा, म्हणजे नाक, भुवया, बोटं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची शवपेटी आहे. १६३६-३७ मध्ये ती गोव्याच्याच कारागिरांनी घडवली, आणि तिच्यावर संताच्या आयुष्यातले ३२ प्रसंग उठवलेले आहेत. घडण युरोपातल्या त्या पात्रांच्या वळणाची, हात मात्र इथला. दर्शनाला गेलात तर त्या प्रसंगांमधल्या माणसांची नाकं जरूर पाहा.