चंद्रपूरचा बर्फ आन् अंटार्क्टिकाचे मासे

पोलर बेअरची चरबी, पेंग्विनचं एकमेकाले चिपकून उभं राहणं, हे पोट्ट्यांना शाळेतच पाठ होते. पण थंडी सोसायची ही सवय प्राण्यांना लागली कधी, ते कोणी सांगत नाही.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. 1872 मध्ये फेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाले चंद्रपूरजवळ इरईला खडकावर समांतर ओरखडे दिसले, हिमनदी दगडगोटे घासत नेते तेव्हा पडतात तसे, म्हणजे अंदाजे 30 कोटी वर्षांपूर्वी, जिथं आज मे महिन्यात पारा 46-47 वर जाते तिथं बर्फ सरकत होता बाप्पा. भारत न् अंटार्क्टिका तेव्हा गोंडवनाच्या एकाच खंडात होते. नंतर तिथं ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची जंगलं वाढली, त्याचा कोळसा झाला, वणी-बल्लारपूरचा. त्याच झाडाचे फॉसिल 1912 मध्ये अंटार्क्टिकात, दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या स्कॉटच्या तंबूजवळ मिळाले. माणसं थंडीनं मेली, पण सोळाएक किलो दगड शेवटपर्यंत ओढत नेले.

खंड फुटले, भारत वर सरकला, अंटार्क्टिका दक्षिणेलाच राहिला. तरी तो लगेच गोठला नाही, त्याच्यावर जंगल होतं. साधारण 3.4 कोटी वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, बर्फ साचू लागला, पुढं खंडाच्या चारही बाजूनं फिरणारा समुद्रप्रवाह तयार झाला, आणि गरम पाण्याचे बहुतेक मासे हळूहळू संपले. (जे थंडीत टिकले त्या माशांपुढं पोलर बेअर तर कालचं पोर, काही लाख वर्षांचं.)

खारं पाणी उणे 1.9 डिग्रीला गोठते, साध्या माशाचं रक्त त्याच्या आधीच, उणे 0.8 च्या आसपास. मग तिथले मासे जगतात कसे? 1960 च्या दशकात आर्थर डेव्हरीज नावाचे शास्त्रज्ञ अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर हे कोडं घेऊन बसले, आणि 1969 ला उत्तर छापलं: रक्तातलं एक प्रोटीन त्यांना गोठू देत नाही. ते बर्फाच्या बारीक कणाले चिकटते न् त्याले वाढूच देत नाही, हे पुढं कळलं. 1997 मध्ये कळलं की त्याचा जीन पचनाच्या एका एंझाइमच्या जीनपासून बनला. उत्तरेकडच्या आर्क्टिक कॉड माशाकडे जवळपास तसंच प्रोटीन आहे, पण ते वेगळ्याच वाटेनं आलं, दोघांचं नातं काही नाही. मले तर पेंग्विनपेक्षा हाच किस्सा भारी वाटते.

याच माशांच्या गोतावळ्यातल्या आइसफिशनं तर रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच सोडून दिलं, 1954 मध्ये रूड यांनी हे तपासून दाखवलं. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळते म्हणून त्याचं भागते. पाणी तापलं तर मात्र कठीण, कारण हिमोग्लोबिन बनवायचा जीनच त्याच्यात मोडून गेला आहे.