खांदा निखळला की कंडरा फाटली? कयाकवाल्यांनी हा फरक ओळखायलाच हवा

कोलाडला कुंडलिका नदीत सकाळी वरून पाणी सोडलं की राफ्टच्या जोडीने कयाकही उतरतात, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या पॅडलने (वल्ह्याने) चालवायच्या अरुंद होड्या. खळाळात कयाक कलंडायला लागली की तोल सावरायला हात आपसूक वर आणि मागे जातो, आणि नेमकं तेव्हाच पाणी पॅडलचं पातं ओढून नेतं. खांद्याच्या पुष्कळ मोठ्या दुखापती या एका क्षणात होतात. पुढे घरी, ऑफिसात सांगताना माणूस "खांदा गेला होता" एवढंच म्हणतो. पण गेलं काय, सांधा की कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी), हे कळल्याशिवाय पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधता येत नाही.

खांदा निखळतो तेव्हा दंडाच्या हाडाचा गोळा वाटीबाहेर येतो. ही वाटी फार उथळ असते, लिंबू-चमच्याच्या शर्यतीतल्या चमच्यासारखी. तिच्या कडेला कूर्चेसारख्या चिवट ऊतीचा काठ असतो, त्याला लॅब्रम म्हणतात. १०० पैकी साधारण ९५ वेळा गोळा पुढच्या बाजूला निसटतो आणि जाताना समोरचा काठ उचकटतो. इंग्लंडचे सर्जन बँकार्ट यांनी १९२३ साली या इजेवर लिहिलं, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. गोळा जागेवर बसला, एक्स-रे चांगला आला, दुखणं थांबलं, तरी हा काठ पुष्कळदा नीट जुळत नाही.

म्हणूनच विशीतल्या मुलामुलींची मला जास्त काळजी वाटते. या वयात खांदा पुन्हा निखळण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर तर नदीही लागत नाही. टी-शर्ट काढताना, झोपेत कूस बदलताना खांदा सटकतो. दर वेळी कूर्चा आणि हाड थोडं थोडं खराब होतं, आणि पुढे सांध्याची झीज लवकर गाठते. नुसती एकदा निखळलेल्या खांद्यातही काही वर्षांनी झीज दिसू शकते.

कंडरेची गोष्ट वेगळी. गोळ्याला चारही अंगांनी धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा मिळून रोटेटर कफ होतो. तो एका झटक्यात फाटू शकतो, तसाच वर्षानुवर्षं पॅडल मारून विरतही जातो. इथे गोळा वाटीतच असतो, त्यामुळे खांदा दिसायला ठीक दिसतो. दुखतं ते बाहेरच्या बाजूला, दंडापर्यंत. त्या कुशीवर झोपवत नाही. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांमध्ये कळ येते.

आपल्याकडे अशा खांद्याला सर्रास 'फ्रोझन शोल्डर' (आखडलेला खांदा) म्हणून मोकळे होतात. फिजिओथेरपिस्ट कसं तपासतात ते बघा. तुम्ही हात सैल सोडायचा, ते तो उचलतात. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नाही, मध्येच अडतो. कफ मोठा फाटला असेल तर त्यांच्या आधाराने हात वर जातो. आधार काढून "आता धरून ठेवा" म्हटलं की मात्र खाली येतो.

पूर्ण फाटलेली कंडरा तशीच राहिली तर तिचा स्नायू आक्रसतो, त्यात चरबी साठते, आणि ही चरबी नंतर शिवूनही फारशी हटत नाही. फार मोठी फाट वर्षानुवर्षं राहिली तर गोळा वर सरकून सांधाच बिघडतो. अर्थात प्रत्येक फाटीला ऑपरेशन लागत नाही. साठीनंतर कितीतरी जणांची कंडरा फाटलेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो. व्यायामाने खूप जणांचं भागतं. पण अपघातात अचानक फाटलेल्या कंडरेला महिनोन् महिने मालीश आणि शेक देत बसणं हे नुकसानच आहे.

आता खरा घोटाळा. चाळिशीनंतर खांदा निखळतो तेव्हा दोन्ही इजा एकदम होण्याची शक्यता बरीच असते. गोळा बसवतात, हात झोळीत जातो आणि सगळे निर्धास्त होतात. दोन-तीन आठवड्यांनी हात उचलत नाही, तर "आखडला असेल" म्हणतात. अशा वेळी सोनोग्राफी किंवा एमआरआय लगेच मागा. दंडाच्या वरच्या भागात बाहेरून बधिरपणा असेल तर तोही डॉक्टरांना सांगा, कारण निखळताना तिथली नस ताणली गेलेली असू शकते. तरुणाने विचारायचं, "पुन्हा निखळेल का?" चाळिशीपुढच्याने विचारायचं, "कंडरा शाबूत आहे ना?"

कनूवाल्यांचं थोडं निराळं. त्यांचं पॅडल एकाच पात्याचं, आणि स्प्रिंट शर्यतीत तर एका गुडघ्यावर बसून एकाच बाजूला मारायचं, त्यामुळे भारही एकांगी पडतो.

बाकी नदीकाठी काही झालंच तर शिकलेला माणूस नसताना खांदा ओढून बसवू नका. हात ज्या स्थितीत कमी दुखतो तसाच बांधा, बोटांत संवेदना आहे का बघा आणि एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. परत पाण्यात उतराल तेव्हा पॅडल खांद्याच्या वर जाऊ देऊ नका, कोपर अंगाजवळ ठेवा आणि मागे वळायचं तर हातासोबत छातीही वळवा.