लायब्ररी जोडण्याआधी वाचा: सिग्नल कोणत्या थ्रेडला मिळतो?

“एरवी सगळं नीट चालतं, पण सर्व्हिस बंद करायला गेलं की प्रोग्रॅम अडकतो.” अशी तक्रार आली की आम्ही आधी सिग्नल हँडलर (सिग्नल, म्हणजे प्रोसेसला मिळणारी सूचना, आला की चालणारं फंक्शन) बघायला मागतो.

पॉझिक्समध्ये (लिनक्स, मॅकओएस पाळतात त्या प्रमाणकात) हँडलर अख्ख्या प्रोसेसचा एकच असतो, पण सिग्नल अडवणारा मास्क दर थ्रेडचा वेगळा. बाहेरून पाठवलेला सिगटर्म (‘बंद हो’ सांगणारा सिग्नल), ज्यांनी तो अडवलेला नाही अशांपैकी कुठल्याही एका थ्रेडला मिळतो. कुठल्या, हे तुमच्या हातात नाही. सिगसेग्व्ह (मेमरीची चूक), सिगएफपीई (गणिताची चूक) मात्र चूक करणाऱ्या थ्रेडच्याच गळ्यात पडतात.

आता सिग्नल मिळालेला थ्रेड नेमका मेमरी मागणाऱ्या मॅलॉकच्या आत, लॉक धरून असेल आणि हँडलरनेही मॅलॉक किंवा प्रिंटएफ बोलावलं, तर तो स्वतःच धरलेल्या लॉकची वाट बघत बसू शकतो. चाचणीत हे सहसा दिसत नाही, ग्राहकाकडे दिसतं! हँडलरमधून म्युटेक्सही (थ्रेडमधलं लॉक) घेऊ नका. राईट (थेट लिहिणं) आणि सेम_पोस्ट (सेमाफोरने दुसऱ्या थ्रेडला जागं करणं) चालतात.

आमच्या मते हँडलर टाळलेलाच बरा. मेन सुरू होताच, एकही थ्रेड तयार व्हायच्या आत आणि आमच्या लायब्ररीचं इनिट बोलावण्याआधी, सिगटर्म, सिगइंट (कंट्रोल-सी) आणि सिगहप (टर्मिनल बंद झालं) हे पीथ्रेड_सिगमास्कने अडवा. नवा थ्रेड आपल्याला तयार करणाऱ्याचा मास्क घेऊन येतो, म्हणून हा क्रम चुकवू नका. मग एक थ्रेड फक्त सिगवेटवर (सिग्नलची वाट बघणाऱ्या फंक्शनवर) बसवा. तिथे प्रिंटएफ, लॉक, सगळं खुशाल वापरा. सिगवेट चुकलं तर उणे १ नाही, थेट एररचा क्रमांक परत देतं. तपासणी तशी लिहा.

सिग्नलएफडी (सिग्नल फाइलसारखा वाचू देणारं) सोयीचं आहे, पण लिनक्सचं. मॅकओएसवर सिगटाइमवेट (ठरावीक वेळच वाट बघणारं) मिळत नाही, सिगवेट मिळतं. हँडलर बसवायला नुसतं सिग्नल() वापरू नका: सी११ प्रमाणकानुसार अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये त्याचा वापर अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय होईल याची हमी नाही. विंडोजचं गणितच निराळं, तिथे कंट्रोल-सीचा हँडलर नव्या थ्रेडवर चालतो.

आमची लायब्ररी स्वतःचा हँडलर बसवत नाही. तिचे थ्रेड सिगसेग्व्हसारखे चुकीमुळे येणारे सिग्नल सोडून बाकी सगळे अडवतात, सिगपाइपसुद्धा (तुटलेल्या जोडणीवर लिहिलं की येणारा). त्यामुळे तुटलेल्या सॉकेटवर लिहिताना प्रोसेस मरत नाही, आमच्या फंक्शनकडून एरर कोड येतो.

तुमचा प्रोग्रॅम फोर्क करून (स्वतःची नवी प्रोसेस काढून) तिच्यात दुसरा प्रोग्रॅम चालवत असेल, तर तो सुरू करणाऱ्या एक्झेकआधी मूळ मास्क परत लावा. मास्क एक्झेकनंतरही टिकतो आणि मग तो दुसरा प्रोग्रॅम सिगटर्मला दाद देत नाही.