वाढवणच्या आधीचे डहाणू

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात, वाढवण गावच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की खडकांचे सपाट पठार उघडे पडते. खाचांत साचलेल्या पाण्यात बायका, मुले गुडघाभर उतरून खेकडे, शिंपल्या, बारकी मासळी गोळा करतात. त्याला होडी लागत नाही की डिझेल लागत नाही. याच किनाऱ्यापुढे भर समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव टाकून बंदर उभे राहणार आहे आणि त्यावरून वाद पेटला आहे. या वादाची सुरुवात मात्र बंदरापासून झालेली नाही.

मुंबईच्या उपनगरांना वीज हवी होती आणि त्यासाठी चिकूच्या बागांचे डहाणू निवडले गेले. ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला १९८९ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. विरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. थर्मल आलेच. पण त्या लढ्याच्या काळातच २० जून १९९१ रोजी केंद्राची अधिसूचना निघाली. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जागा राहिली आणि प्रदूषणकारी उद्योगांना बंदी झाली.

अधिसूचना कागदावरच राहू नये म्हणून पर्यावरणवादी पुन्हा न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर त्याच डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या, गांधीविचारांत वाढलेल्या या माणसाने २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते पद सांभाळले. माझ्या मते डहाणूचे वेगळेपण इथेच आहे. पर्यावरणाचे कायदे देशभर आहेत. पण कंपनीला आणि सरकारला तोंडावर नाही म्हणू शकेल अशी यंत्रणा एखाद्या तालुक्याच्या वाट्याला क्वचितच येते.

तिचा उपयोग काय झाला, ते थर्मलच्या चिमणीपाशी दिसते. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारे संयंत्र बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. कंपनीने वर्षानुवर्षे हरकती घेतल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. संयंत्र २००७ मध्ये सुरू झाले. म्हणजे आठ वर्षे गेली. तरी वीजनिर्मिती थांबली नाही आणि धूरही धुतला जाऊ लागला. विकास आणि निसर्ग यांचा मेळ घालता येतो का, असे कुणी विचारले की मला हे उदाहरण आठवते. मेळ बसला, पण तो कुणीतरी आठ वर्षे नेटाने धरून ठेवला म्हणून बसला.

बंदराचा प्रस्तावही जुनाच. एका परदेशी कंपनीने नव्वदच्या दशकात तो आणला होता. अधिसूचनेत एवढे मोठे बंदर बसत नाही, असे सांगत प्राधिकरणाने १९९८ मध्ये तो फेटाळला. पुढे केंद्राच्या सागरमाला या बंदरविकास योजनेत तो पुन्हा वर आला. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांचे वर्गीकरण बदलले आणि बंदर हा उद्योगच नाही असे ठरले. डहाणूत बंदी होती ती उद्योगांवर. बागायतदार, मच्छिमार आणि घरोघरी डायमेकिंगवर, म्हणजे दागिन्यांचे साचे बनवण्यावर पोट भरणारी कुटुंबे यांच्या पायाखालची वाळू तिथेच सरकली. अधिसूचनेला हातही न लावता तिची धार काढून घेतली गेली, याची मला सर्वांत जास्त खंत वाटते.

जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. पुढच्या वर्षी पर्यावरण मंजुरी आली, उच्च न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा त्याआधीपासून गावागावांत घुमत होती.

आता लाटा अडवणारा दहा किलोमीटरहून लांब बंधारा समुद्रात जाईल. प्रवाह वळतील, गाळ जागा बदलेल. रोज ओहोटीला ज्या खाचांत पाणी साचते त्यांचे काय होईल, हे वाढवणच्या बायका विचारत आहेत, आणि नुकसानभरपाईच्या हिशेबात हातांनी वेचलेल्या मासळीचा रकाना कुठे आहे, हेही.