घरच्या रेकॉर्डिंगमधल्या केबल: हेडफोन आणि वाद्यांच्या वायरींची निगा

नमस्कार.

तुम्ही आमच्याकडून केबल घेतलीत किंवा दुरुस्तीला टाकलीत, म्हणून हे पत्रक सोबत देत आहोत. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या ज्या केबल आमच्या टेबलावर येतात, त्यांतली मधोमध तुटलेली क्वचितच असते. बिघाड सापडतो तो प्लगपासून बोटभर अंतरात. तिथे केबल रोज वाकते, रोज ओढली जाते आणि आतल्या तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटत जातात. बाहेरचं रबर मात्र शाबूत दिसतं. त्यामुळे माणूस आधी माइकवर संशय घेतो, मग इंटरफेसवर (माइक-वाद्य कॉम्प्युटरला जोडणारा डबा), मग सॉफ्टवेअरवर, आणि केबलकडे अगदी शेवटी बघतो. टोकांवर ताण येऊ द्यायचा नाही आणि अंगात पीळ बसू द्यायचा नाही, एवढं सांभाळलं तर चांगली केबल वर्षानुवर्षं साथ देते.

गुंडाळायची पद्धत

रेकॉर्डिंग संपलं की बहुतेक जण केबल अंगठा आणि कोपर यांच्यात गुंडाळतात, दोरी गुंडाळावी तशी. दर वेढ्यागणिक केबलला एक पूर्ण पीळ पडतो. सहा मीटरच्या केबलला असे नऊ-दहा पीळ बसतात. दुसऱ्या दिवशी ती जमिनीवर सरळ पडत नाही, वळवळते आणि ओढली की गाठी मारते. आतल्या तारेभोवती बारीक तारांची जाळी असते. बाहेरचा विजेचा गोंगाट अडवायचं काम तिचं. पिळाने ती जाळी फाकते आणि गोंगाटाला आत शिरायला वाट मिळते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसंच हे आहे. एकदा बसलेला पीळ काढणं फार जिकिरीचं.

स्टेजवर आणि टीव्हीच्या चित्रीकरणात काम करणारे साउंडवाले 'ओव्हर-अंडर' पद्धतीने गुंडाळतात. ती दहा मिनिटांत शिकता येते. डाव्या हातात प्लग धरा. उजव्या हाताने हातभर केबल ओढून पहिला वेढा नेहमीसारखा डाव्या हातात द्या. दुसऱ्या वेढ्याला उजवा हात उलटा करा, म्हणजे अंगठा स्वतःकडे आणि तळवा बाहेर. तशीच केबल पकडा आणि हात सरळ करत वेढा डाव्या हातात द्या. केबलचा पुढचा भाग आता वेढ्याच्या बाहेरून न जाता आतून, तळव्याच्या बाजूने निघेल. तिसरा वेढा साधा, चौथा उलटा. एका वेढ्याने पडलेला पीळ पुढचा वेढा काढून टाकतो. मग एक टोक धरून गुंडाळी भिरकावली तरी केबल सरळ उलगडते. एकच काळजी घ्या: मोकळं टोक वेढ्यांच्या मधून ओवलं जाऊ देऊ नका, नाहीतर उलगडताना ओळीने गाठी पडत जातात.

बांधायला व्हेल्क्रोची पट्टी वापरा आणि ती केबलच्या एका टोकाला कायमची अडकवून ठेवा, म्हणजे शोधावी लागत नाही. प्लॅस्टिकचे टाय आवळून बांधू नका. आणि खिळ्याला टांगू नका, जाड खुंटीला टांगा.

बैठकीत हेडफोनची वायर

आपल्याकडे गाणारा आणि तबला-पेटी वाजवणारा बहुधा खालीच बसतो. हेडफोनची वायर छातीवरून मांडीवर आणि तिथून इंटरफेसकडे जाते. तबलजी सूर जुळवायला हातोडी घेऊन वाकला की गुडघ्याखाली वायर अडकते, झटका थेट सॉकेटला बसतो. शिवाय वायर कुर्त्यावर घासते तेव्हा तिची खरखर वायरीतूनच हेडफोनच्या वाटीत ऐकू येते आणि गायक बिथरतो. कंडेन्सर माइक, म्हणजे बारीक आवाजही पकडणारा माइक, तर ती सळसळ टिपतोच.

उपाय सोपा आहे. वायर कानामागून पाठीवर घ्या आणि कॉलरला मागच्या बाजूला लहान क्लिपने अडकवा. मान मोकळी वळेल इतकी ढील क्लिपच्या वर ठेवा. पाठीमागून जमिनीवर उतरवून वायर टेबलाच्या पायाला व्हेल्क्रोने बांधा आणि मगच इंटरफेसला जोडा. आता कोणी ओढलं तर ताण टेबलाच्या पायावर येईल. इंटरफेसचं सॉकेट आतल्या सर्किट बोर्डावर चार-पाच सोल्डरच्या ठिपक्यांनी धरलेलं असतं. ते निसटलं की दुरुस्तीचं काम केबलपेक्षा कितीतरी मोठं होतं.

3.5 मिमीच्या हेडफोनला 6.35 मिमीचा मोठा जॅक बसवणारा अॅडॉप्टरही सॉकेटवर असाच भार टाकतो. तो, त्यात हेडफोनचा प्लग आणि खाली लोंबणारी वायर, असा सगळा दांडा पुढे येतो आणि खुर्ची सरकवताना धक्का लागतो. त्याऐवजी एका टोकाला मोठा प्लग आणि दुसऱ्या टोकाला लहान सॉकेट असलेली वीतभर मऊ वायर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते, आम्हीही बनवून देतो.

हेडफोनची तुटलेली वायर ब्लेडने सोलून, पीळ देऊन घरी जोडायला जाऊ नका. तिच्यातल्या केसासारख्या तारांवर बरेचदा लॅकरचा पातळ थर असतो. तो जाळल्याशिवाय तांबं तांब्याला भिडतच नाही. अशा जोडलेल्या वायरी आमच्याकडे नेहमी येतात आणि जोडाच्या भागातली चांगली वायरही कापून टाकावी लागते, याचं वाईट वाटतं.

'घुं' असा आवाज येतो तेव्हा

आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची आहे. रेकॉर्डिंगमध्ये सतत घुमणारा खोल आवाज आला तर तो बहुधा तिथूनच आलेला असतो. पहिली तपासणी फुकटची आहे: लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर केबल निर्दोष आहे, दोष अर्थिंगच्या जोडणीत आहे. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतलं तर पुष्कळदा प्रश्न सुटतो. मात्र कोणी सुचवलं म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन काढू नका. ती जिवासाठी आहे. जुन्या वाड्यात किंवा चाळीत अर्थिंगच नसण्याची शक्यता असते, तिथे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

'घुं' नसून चरचर येत असेल आणि गिटार घेऊन जागेवरच फिरलं की ती कमी-जास्त होत असेल, तर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरकडे बघा. पंखा फुल करा किंवा बंद करा.

विजेची वायर आणि वाद्याची केबल शेजारी-शेजारी लांबवर नेऊ नका. ओलांडायलाच लागली तर काटकोनात ओलांडा.

लांबी, आणि सारख्या दिसणाऱ्या केबल

गिटारच्या केबलची लांबी खोलीच्या मापाने घ्या. अशा केबलची धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड असते. गिटारच्या तारांचा आवाज टिपणाऱ्या साध्या, बॅटरी नसलेल्या पिकअपला हा भार जाणवतो. तीन मीटरवर स्वच्छ वाजणारी गिटार दहा मीटरवर किंचित दबलेली वाटते. घरी तीन ते पाच मीटर पुरे. माइकच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या गोल प्लगच्या) केबलला ही अडचण नाही. ती बॅलन्स्ड असते, वाटेत शिरलेला गोंगाट दोन तारांवर सारखाच येतो आणि पलीकडे वजा होतो, म्हणून ती लांब चालते.

स्पीकरची आणि गिटारची केबल बाहेरून सारखीच दिसते, 6.35 मिमीचा तोच प्लग. पण स्पीकर केबलमध्ये जाळी नसते. ती गिटारला लावली की घुं सुरू. उलट गिटारची केबल अॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये लावली तर ती तापू शकते, अॅम्प्लिफायरलाही धोका. म्हणून आम्ही दोन्ही टोकांना रंगीत पट्टी लावून देतो: वाद्याला पिवळी, स्पीकरला लाल. ती काढू नका.

माइकची केबल काढण्याआधी इंटरफेसवरचं, माइकला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण बंद करा आणि हेडफोनचा आवाज खाली आणा. तो 'धप्प' कानावर बसतो.

पावसाळा

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर प्लगवर काळपट थर चढतो आणि आवाज तुटक होतो. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन प्लग पुसा. पाण्याने नाही, तेलाने तर नाहीच. केबल सिलिका जेलच्या पुडीसोबत झाकणाच्या डब्यात ठेवा. तिथे उंदरांपासूनही वाचते.

दुरुस्तीला आणताना

आधी घरी एवढं करा: केबल जोडून वाद्य वाजवत असताना प्लगजवळचा भाग हलकेच चारी बाजूंना वाकवा. ज्या टोकाला आवाज जातो-येतो त्याला कागदी चिकटपट्टी लावून आणा. मल्टिमीटर असेल तर एका प्लगच्या टोकाला दुसऱ्या प्लगचं टोक आणि बाहेरच्या धातूला बाहेरचा धातू लावला की 'बीप' वाजला पाहिजे, टोक आणि धातू यांच्यात वाजता कामा नये.

दुखावलेला भाग कापून नवा प्लग लावताना केबल साधारण वीतभर आखूड होते. तेवढी लांबी कमी झालेली चालणार नसेल तर काम सुरू करण्याआधीच सांगा. जुना प्लग चांगला निघाला तर तोच पुन्हा बसवून देतो.